स्नायू, नस आणि दंडातली बेडकी

फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी विचारते: स्नायूंची ताकद आणि नर्व्ह तपासायचा तक्ता मराठीत करतेय. हिंदी तक्त्यात नर्व्हला 'स्नायु' म्हटलंय, आपल्याकडे तर स्नायू म्हणजे मसल. चूक कोणाची? आणि नर्व्हला 'नस' लिहू का?

'नस' नको. रक्त काढायचं तरी नस, मान आखडली तरी नस, पाय बधिर झाला की 'नस दबली'. एका शब्दाला किती राबवायचं? 'मज्जातंतू' तर त्याहून नको. मज्जा हाडाच्या पोकळीत असते, तिचा इथे काय संबंध? शाळेच्या पुस्तकातली 'चेता' आहे, ती घ्या.

आता 'स्नायू'. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले. त्याची पेशी म्हणजे आपला मसल. (ती बिचारी आता 'सेल' झाली, तो वेगळाच घोळ.) त्याचे स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारे बंध, नावेच्या फळ्या बांधतात तसे, ही उपमाही त्याचीच. ग्रीक 'न्यूरॉन'सुद्धा आधी असाच दोर होता, धनुष्याची दोरीसुद्धा. लॅटिन 'नर्व्हस' त्याच घराण्यातला, आणि आपला स्नायूही! म्हणजे स्नायू आणि नर्व्ह चुलत भाऊ. हिंदी-बंगाली भावाच्या घरी गेली, आपण मांसाकडे वळलो. मूळचा दोर दोघांच्याही हातून सुटला. तेव्हा 'हिंदीवाल्यांना कळत नाही' म्हणणाऱ्या आपल्या शुद्धिवाद्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणि 'मसल'? लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे चिमुकला उंदीर. रोमनांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्या पोरांना बेडूक: दंडातली बेडकी, बेडकुळी. हल्ली 'बेटकुळी' म्हणतात, म्हणून माझे एक व्यासंगी स्नेही तिचं मूळ 'बेट' म्हणजे उंचवटा असं सांगतात. त्यांनी एकदा बाही वर करून कोपर दुमडावं. बेट कधी टुणकन उडी मारतं का?

हां, तक्ता राहिलाच. ० ते ५ गुणांचाच असणार: १ म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, ३ म्हणजे हाताचा स्वतःचा भार पेलून वर उचलतो, ५ म्हणजे तुम्ही दाबलं तरी हटत नाही. एका रकान्यात 'स्नायू', शेजारी 'चेता'. दंडाच्या ओळीत मात्र 'बेडकी' लिहाच. तपासायला आलेले आजोबा न सांगता कोपर दुमडून दाखवतील.