एक-चौदावर नाव आहे, म्हणजे जमीन त्याचीच का?

प्रश्न : डिचोली तालुक्यात ४०० चौरस मीटरचा प्लॉट घेत आहोत. एक-चौदाच्या उताऱ्यावर विक्रेत्याचं एकट्याचं नाव आहे, जमीन वडिलोपार्जित आहे. विक्रीखताच्या मसुद्यात ‘मालकीहक्क निर्वेध असल्याची हमी विक्रेता देत आहे’ असं कलम आहे. एवढं पुरे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. एक-चौदा हा महसुली उतारा. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीमुळे कुणी मालक होत नाही. ‘कब्जेदार’ वाचून थांबू नका. ‘कुळाचे नाव’ आणि ‘इतर हक्क’ हे रकानेही पाहा. तिथे कुणाचं घर नोंदलं असेल तर तो मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, असू शकतो. जमिनीचा मालक बदलला म्हणून १९७५च्या मुंडकार कायद्याचं त्याचं संरक्षण संपत नाही. रकाना कोरा असला तरी जागेवर जाऊन शेजाऱ्यांना विचारा.

हमीचं कलम नसतं तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नुसार विक्रेत्याने तशी हमी दिली असंच धरतात. पण हमी म्हणजे दोष निघाल्यावर भरपाई मागायचा हक्क. खरा मालक उभा राहिला तर जमीन जातेच. तोवर विक्रेता लिस्बनला पोचला असेल तर वसुली कुणाकडून करणार? उपनिबंधक दस्त नोंदवतो, मालकीचा निवाडा करत नाही.

गोव्यात व्यवहार अडतो तो बहुधा सह्यांवर. वेगळा करार नसेल तर विवाह सामाईक मालमत्तेच्या पद्धतीचा, म्हणजे अर्धा हिस्सा पत्नीचा. तिच्या सहीशिवाय नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. वडील वारले तर अर्धं आईचं, उरलेलं सर्व मुलामुलींना सारखं. लग्न झालेली मुलगी सुटत नाही, आणि तिच्या वाट्यात जावईही येतो. ‘बहिणीला लग्नात दिलं’ हे ऐकून घ्यायचं, धरून चालायचं नाही. म्हणून आधी वारसपत्र पाहा, मग वाटणीचा कागद : इन्व्हेंटरीचा (कोर्टातून होणाऱ्या वारसांच्या वाटणीचा) आदेश किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. हक्कसोड असेल तर तोही नोंदणीकृत हवा. तुमच्या विक्रेत्याचं एकट्याचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं, ते कागद मामलेदार कचेरीतून काढून घ्या. एक भाऊ अर्ज करतो, बाकीचे मुंबईत असतात. असे फेरफार निघतात.

बोजा नसल्याचा दाखला ३० वर्षांचा घ्या. मात्र मूळ खत ठेवून घेतलेलं कर्ज किंवा कोर्टातला दावा त्यात दिसेलच असं नाही. त्यामुळे मूळ खत हातात घेऊन पाहा. ‘मूळ हरवलंय, झेरॉक्स आहे’ म्हटलं की व्यवहार तिथेच थांबवावा. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्या. घर बांधायचं तर रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि झोनिंग दाखला (जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात येते ते सांगणारा) वेगळा.

प्रश्न : म्हापशाजवळच्या जागेचे पोर्तुगीज कागद दाखवताहेत. खरे कसे ओळखावे?
– वाचक, पर्वरी

उत्तर : कागदाच्या रंगावरून नव्हे. पोर्तुगीजकालीन भूनोंदणीतले डिस्क्रिप्शन (जमिनीचं वर्णन) आणि इन्स्क्रिप्शन (हक्काची नोंद) यांचे क्रमांक घेऊन प्रमाणित प्रती स्वतः काढा, विक्रेत्याच्या फाईलवर विसंबू नका. जुनी खतं पुराभिलेख खात्यातही तपासून घ्या. बनावट कागदांनी जमिनी लाटल्याच्या तक्रारींवरून २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. खऱ्या कागदातही एक अडचण असते : त्यात सर्व्हे नंबर नाही. पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला अमक्याचं भाट (बागायत), अशा चतुःसीमा असतात. त्या आजच्या सर्व्हे नकाशाशी जुळवून द्यायची जबाबदारी विक्रेत्याची. मोजणी करूनच पैसे द्या.

प्रश्न : बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर मालकीची जोखीम कुणाची?
– वाचक, मडगाव

उत्तर : बिल्डरची. रेरा कायद्याच्या कलम १८नुसार जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेलं नुकसान त्याने भरून द्यायचं, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. ज्या जमिनीवर इमारत आहे तिचा मालक आणि बिल्डर वेगळे असतील तर त्यांच्यातला विकास करार नोंदणीकृत आहे का, तेवढं आधी पाहा.