पुस्तक मिळेनासं झालं म्हणजे मोकळं झालं का?

बायोडायनॅमिक शेतीचं (रासायनिक खतांशिवाय, चंद्र-ग्रहांच्या स्थितीनुसार करायच्या शेतीचं) जुनं पुस्तक बाजारात मिळत नाही, मग त्याच्या प्रती काढून वाटू का? गेले काही महिने फिरून फिरून हेच विचारलं जातंय. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच.

प्रश्न : आवृत्ती संपली, प्रकाशक पुन्हा छापत नाही. आता कॉपीराइट राहिला नाही ना? (गडहिंग्लज)

राहिला. रान पडीक पडलं म्हणून सातबारा कोरा होत नाही.

प्रश्न : शिंगखताची (गाईच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून करायच्या खताची) कृती पुस्तकातून घेऊन गटात सांगितली तर? (पन्हाळा)

खुशाल सांगा. कृतीवर कॉपीराइट नसतो, लेखकाच्या शब्दांवर आणि चित्रांवर असतो. आपल्या भाषेत लिहा, फोटो काढून टाकू नका.

प्रश्न : बायोडायनॅमिक शेतीचे अभ्यासक एरेनफ्रीड फायफर यांच्या १९३८ च्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी भाषांतर करायचंय. कुणी म्हणतं पन्नास वर्षं, कुणी म्हणतं रजिस्टर केलेलं नसेल तर चालतं. (कागल)

दोन्ही कट्ट्यावरच्या गप्पा. हक्कासाठी नोंदणी लागतच नाही. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. फायफर १९६१ साली गेले, म्हणजे २०२१ अखेर त्यांच्या लेखनाची भारतात मुदत संपली. पण ते इंग्रजी पुस्तक फ्रेड हेकेल यांनी केलेलं भाषांतर आहे, आणि भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, तोही तपासावा लागेल. मात्र तुमच्या हातातली प्रत नंतरच्या आवृत्तीची असेल, तर तिची नवी प्रस्तावना आणि चित्रं वेगळी तपासावी लागतील. परदेशात मुदती निराळ्या असतात. छापण्याआधी प्रत दाखवा.

प्रश्न : सासरे २००९ मध्ये वारले. त्यांचं या शेतीवरचं मराठी पुस्तक १९९७ चं. प्रकाशकाचं दुकान बंद झालंय. शेतकरी प्रती मागतात. घरचे म्हणतात, दिवाळीला सगळे जमले की बघू. (शिरोळ)

ताई, ही दिवाळी कुठल्या सालची? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रकरणांत कागद रद्दीत गेलेला असतो आणि सही करणारं माणूस उरलेलं नसतं. आज संध्याकाळीच सासऱ्यांची ट्रंक उघडा आणि प्रकाशकाशी झालेला करार शोधा. दुकान बंद पडलं म्हणून हक्क हवेत विरत नाहीत. हक्क लिहून दिले असतील पण करारात मुदत नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणजे ते केव्हाच घरी परत आलेत. पण करार मे १९९५ च्या आधीचा असेल तर हा नियम लागू नाही. 'कायमचे' असं लिहिलं असेल तर प्रकाशकाच्या वारसांना गाठावं लागेल. म्हणून तारीख बघा, नुसता मजकूर नको.

हक्क घरात असतील तर ते २०६९ अखेरपर्यंत आहेत. मृत्युपत्र नसेल तर सासूबाई आणि सगळी मुलं वारस, नणंदबाईसुद्धा. लेकीला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, कायद्यात आहे. सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र करा : कोणती आवृत्ती, कागदावर की पीडीएफ, किती वर्षं, कुठे, फुकट की मोबदल्यानं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. सासूबाईंची सही आधी घ्या. मसुदा मला दाखवून मगच वाटा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात एकच जीर्ण प्रत आहे. झेरॉक्स काढू का? (राधानगरी)

भारतात ते विकत मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. जतनासाठी स्कॅन करून ठेवता येतं. पण तो स्कॅन सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की सवलत संपली. खाली 'फक्त शैक्षणिक हेतूसाठी' लिहिल्यानं काही पवित्र होत नाही.

प्रश्न : सेंद्रिय शेतीचे अभ्यासक अल्बर्ट हॉवर्ड यांच्या १९४० च्या पुस्तकाची पीडीएफ ९९ रुपयांना घेतली. शेवटी 'सर्व हक्क राखीव, फॉरवर्ड केल्यास कारवाई' असं आहे. (कोल्हापूर)

हॉवर्ड १९४७ साली गेले. भारतात २००८ पासून ते पुस्तक सर्वांचं. स्कॅनर फिरवला म्हणून कुणी मालक होत नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर पाटी लावून घागरीमागे पैसे घेण्यातला प्रकार आहे हा. त्यानं स्वतःची प्रस्तावना किंवा टिपा घातल्या असतील तर तेवढी पानं मात्र त्याची, ती वगळा. नोटीस आलीच तर त्याच्याशी फोनवर वाद घालू नका, कागद घेऊन या.