ऐरोलीच्या घरात इमिच (आपल्याच सर्व्हरवर फोटो ठेवायचं अ‍ॅप) नीट चालतं, ठाण्याच्या ऑफिसातून उघडत नाही. राउटरवर २२८३ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे त्यावर बाहेरून येणारी विनंती सर्व्हरकडे वळवलीय. काय चुकतंय?

तुमच्या सेटिंगमध्ये बहुतेक काहीच चुकलेलं नाही; इंटरनेटवाल्याने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवलंय, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलाय, त्यामुळे बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने असेल, तर नक्की हेच. तो पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलाय. घणसोलीत माझ्याकडेही हाच आकडा निघाला होता. सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप) टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा आणि इमिचच्या अ‍ॅपमध्ये सर्व्हरला टेलस्केलने दिलेला आयपी घालून पुढे :२२८३ लिहा. (हा आयपीही १०० नेच सुरू होतो, वॅनच्या आयपीशी गल्लत करू नका.) आणि तो फॉरवर्ड केलेला पोर्ट कृपया काढून टाका, आत घरच्यांचे फोटो आहेत. मात्र असं केल्यावर घराबाहेर टेलस्केल असलेल्या फोनवरच इमिच उघडेल. गावी आजीला नुसती लिंक पाठवून अल्बम दाखवायचा असेल, तर इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पब्लिक आयपी) मागून बघा, पण एचटीटीपीएस (एन्क्रिप्टेड जोडणी) लावल्याशिवाय सर्व्हर बाहेर उघडू नका.