फाटकापासून विभागापर्यंत

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. खोलीपासून विद्यापीठ सहा किलोमीटरवर. बस मुख्य फाटकाशी सोडते. माझा विभाग तिथून आणखी दीड किलोमीटर आत. सकाळचा पहिला तास हमखास बुडतो आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत अंधार पडतो. घरचे म्हणतात, सरळ स्कूटर घे. घेऊ का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : लगेच घेऊ नकोस. सहा किलोमीटर बस तुला नीट आणून सोडते; अडतं ते शेवटच्या दीड किलोमीटरला. भरभर चाललीस तरी त्याला अठरा-वीस मिनिटं जातात. सायकलवर सहा-सात. म्हणजे येता-जाता मिळून रोजची वीस-पंचवीस मिनिटं हाताशी येतात आणि पहिला तास वाचतो.

म्हणून एक जुनी, साधी सायकल फाटकापाशीच ठेव. रात्री ती तिथेच राहणार, तेव्हा कुलपाची साखळी मागचं चाक आणि सांगाडा या दोन्हींतून घेऊन जमिनीत पक्क्या रोवलेल्या स्टँडला अडकव. नुसतं चाक अडकवलं तर चाक राहतं आणि सायकल जाते. फाटकाशी स्टँडच नसेल, तर घडीची सायकल बघ. साधारण दहा-बारा किलोची असते, प्रयोगशाळेत टेबलाखाली मावते. मात्र ती रोज बसमध्ये चढवायची असेल, तर गर्दीच्या वेळी वाहक घेऊ देतात का, हे विकत घेण्याआधी विचारून ये.

पूर्ण अंतर सायकलनेच जायचं तर साडेसात किलोमीटर होतात, बेताच्या वेगाने अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन बघ. चढ कुठे आहे आणि कुठला चौक नकोसा वाटतो, ते रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाही. मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट, यात सूट नाही.

तुम्ही विद्यार्थी मिळून विद्यापीठाकडे सायकली मागूही शकता. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाने १९९६ मध्येच अशी सोय केली होती. विद्यार्थ्याने आपलं कार्ड वापरून एका ठिकाणची सायकल काढायची आणि दुसऱ्या ठिकाणी लावून टाकायची. आज जगभर दिसणाऱ्या भाड्याच्या सायकलींची ही सुरुवातीची पावलं, आणि ती विद्यार्थ्यांसाठी पडली होती, याचा मला फार आनंद वाटतो.

संध्याकाळचं मात्र एकटीने निभावू नकोस. तुझ्या बॅचमधल्या फाटकाकडे जाणाऱ्या सगळ्यांनी एकत्र निघा. आवारात बस फिरत असेल, तर तिची शेवटची फेरी प्रॅक्टिकल सुटल्यानंतर हवी. तसा अर्ज द्या आणि सोबत बॅचचं वेळापत्रक जोडा. ‘उशीर होतो’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. नेमकी वेळ दिसली की फेरी पुढे सरकवणं सोपं जातं.

प्रश्न : आमच्याकडे पार्किंग अपुरं पडतं. बहुमजली पार्किंग बांधण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे. मी समितीचा सदस्य आहे. दुसरं काय सुचवता येईल?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, आधी तुमचा पार्किंगचा पास वर्षाचा आहे का, ते बघा. वर्षाचे पैसे एकदा भरले की रोजचं पार्किंग फुकट वाटू लागतं, आणि गाडी न आणणाऱ्यालाच तोटा झाल्यासारखं होतं. अमेरिकेत एमआयटीने २०१६ मध्ये हे उलटवलं : कर्मचाऱ्यांना बस आणि मेट्रोचा पास मोफत दिला, आणि पार्किंगचे पैसे बऱ्याच ठिकाणी वर्षाऐवजी दिवसावर आणले. ज्याला आठवड्यातून एकदाच गाडी लागते, तो त्या एका दिवसाचेच पैसे भरतो. गाडी कायमची सोडा, असं कुणालाही सांगावं लागत नाही.

मी अशा समितीत काम केलं आहे. तिथे लोकांना रोजच्या प्रवासाची नव्हे, एका दिवसाची धास्ती असायची : मुलाच्या शाळेतून अचानक फोन आला तर? त्यावर उपाय आहे. बसने किंवा सायकलने येणाऱ्याला अडीनडीला घरी पोचवण्याचं टॅक्सीभाडं संस्थेने द्यायचं, वर्षातून ठरावीक वेळा. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं हे करतात. हमी मिळाली की लोक निर्धास्त होतात. ती वापरण्याची वेळ आमच्याकडे क्वचितच आली.

एक गाडी उभी करायला, वळायची जागा धरून, साधारण पंचवीस चौरस मीटर लागतात. तेवढ्यात दहा सायकली सहज राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवाराने १९६० च्या दशकातच मधला भाग मोटारींना बंद केला. तिथे तास सुटताना सायकलींची एकच झुंबड उडते, म्हणून चौकांत सायकलींसाठी वर्तुळाकार रस्ते आहेत.

आणि वेळापत्रकही समितीपुढे मांडा. नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरात विद्यापीठ आणि शेजारची उच्चशिक्षण संस्था यांनी तासांच्या वेळा पुढेमागे केल्या, आणि सकाळच्या बसवरचा ताण हलका झाला. त्याला एक वीटही लागली नाही.

प्रश्न : मी कुबड्या वापरतो. आमच्या आवारात वाहनबंदी झाल्यापासून रिक्षाही आत येत नाही. पर्यायी वाहतूक माझ्यासाठी नाहीच का?
— एक विद्यार्थी

उत्तर : आहे, आणि सगळ्यात आधी तुझ्यासाठीच असायला हवी. तुझ्यासारख्यांना दारापर्यंत सोडणाऱ्या वाहनाला वाहनबंदीतून सूट द्यायलाच हवी; ती लेखी घे, म्हणजे पहारेकऱ्याशी रोज हुज्जत नको. आत बॅटरीवरची गाडी असेल, तर तिची पायरी बुटकी आहे का आणि व्हीलचेअर चढायला फळी आहे का, हे बघून कळव. तुझे तास तळमजल्यावर किंवा जवळच्या इमारतीत आणा, असंही माग. कुलसचिवांच्या कार्यालयातून ते एका आदेशाने होऊ शकतं. इमारतीच्या उताराला एक फूट उंचीमागे निदान बारा फूट लांबी हवी. त्याच्या तोंडाशी भाड्याच्या सायकली लागत असतील, तर फोटो काढून अर्जासोबत दे आणि तिथे पिवळे पट्टे मारून खांब रोवायला सांग.