वडिलांचा फ्लॅट विकून ऑस्टिनचं घर वाचवावं का?

प्रश्न: २०२२ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनजवळ राउंड रॉकला ४,४०,००० डॉलरला घर घेतलं. एफएचए कर्ज (सरकारी विमा असलेलं गृहकर्ज), साडेतीन टक्के डाउन पेमेंट. यंदा नोकरी गेली. आता डॅलसला कमी पगारावर लागलोय, व्हिसा एच-१बीच. तीन हप्ते थकलेत. कर्ज ४,१०,००० बाकी आहे आणि एजंटच्या मते घराचे जेमतेम ३,७५,००० येतील. बाबा कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट विकून पैसे पाठवतो म्हणतात. मंडळातले एक काका सांगतात, सरकारी योजनेतून शॉर्ट सेल (बाकी कर्जापेक्षा कमी किमतीला घरविक्री) केला की वर दहा हजार डॉलर मिळतात. काय करावं?

उत्तर: आधी काकांचं. ते खोटं बोलत नाहीत, पण जुनं बोलताहेत. मंदीनंतर २०१० च्या एप्रिलमध्ये हाफा नावाची योजना सुरू झाली होती. घर कर्जापेक्षा कमी किमतीला विकायला बँकेने संमती द्यायची, उरलेलं कर्ज सोडून द्यायचं आणि घर सोडणाऱ्याला सामान हलवायला पैसे द्यायचे, असं तिचं स्वरूप होतं. ही रक्कम आधी ३,००० डॉलर होती, २०१५ मध्ये १०,००० झाली. २०१६ च्या अखेरीस योजनेचे अर्ज बंद झाले. कोविडनंतर आलेला घरमालकांसाठीचा मदतनिधीही टेक्सासात केव्हाच मिटला.

तुमचं कर्ज एफएचएचं आहे, हे मात्र तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. एफएचएची स्वतःची शॉर्ट सेलची सोय आहे, तिला प्री-फोरक्लोजर सेल, म्हणजे थकबाकीपोटी होणाऱ्या लिलावाआधीची विक्री, म्हणतात. विक्री त्यांच्या नियमांनुसार झाली तर उरलेल्या कर्जासाठी तुमच्यामागे कोणी लागत नाही.

आता आकडे. ३,७५,००० मधून कमिशन आणि विक्रीखर्च सहा टक्के धरला तर हातात ३,५२,५०० येतात. देणं मात्र थकबाकीसकट ४,२१,००० च्या आसपास. म्हणजे साध्या पद्धतीने घर विकायचं तर खिशातून ६८,००० डॉलर घालायचे. डॉलर नव्वद रुपये धरला तर एकसष्ट लाखांच्या वर. शिवाय बाबांनी वर्षात दहा लाखांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून पाठवली की वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. इथे हा टीसीएसच दहा लाखांच्या पुढे जातो, आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकून राहतो. हे सगळं कशासाठी? जिथे तुम्ही राहतच नाही त्या घरातून बाहेर पडण्यासाठी. आणि बदल्यात बाबांचं महिन्याचं भाडं कायमचं जाणार. माझं मत स्पष्ट आहे: कोथरूडचा फ्लॅट विकू नका.

घर भाड्याने द्यावं का, असंही तुमच्या मनात येईल. कर, विमा धरून हप्ता साडेतीन हजारांच्या वर आणि भाडं फार तर तेवीसशे. सोडून द्या. नोकरी ऑस्टिनलाच मिळाली असती तर माझा सल्ला वेगळा असता. मग थकलेले हप्ते बिनव्याजी दुय्यम कर्जात टाकून घर राखण्याची एफएचएची सोय मागा, असं मी सांगितलं असतं. त्यासाठी पुढचे हप्ते वेळेवर भरता यायला हवेत आणि घरात राहायला हवं. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही.

तेव्हा शॉर्ट सेल. फक्त वेळ दवडू नका. हप्ता चुकल्यावर १२० दिवस उलटेपर्यंत सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, लिलावाची प्रक्रिया सुरू करता येत नाही. त्यानंतर टेक्सासात सहसा कोर्टाची पायरीच नाही: २१ दिवसांची नोटीस आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या मुख्य गावी, तुमच्यासाठी जॉर्जटाउनला, जाहीर लिलाव. मात्र लिलावाला ३७ हून जास्त दिवस असताना मदतीचा *पूर्ण* अर्ज पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत त्यांना थांबावं लागतं. पूर्ण म्हणजे पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न आणि अडचणीचं पत्र. एक कागद राहिला की अर्ज अपूर्ण. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी सर्व्हिसरची पाकिटं न उघडताच ड्रॉवरमध्ये कोंबलेली असतात. हवा असलेला कागद कोणता, ते त्याच पाकिटात लिहिलेलं असतं.

पत्र एक पानाचं पुरे. नोकरी कधी गेली, डॅलसला पगार किती, तिथून राउंड रॉकला रोज येणंजाणं का अशक्य आहे, एवढंच लिहा. आणि मेव्हण्याच्या नावाने घर घेऊन नंतर परत आपल्याकडे वळवू, ही आपली घरगुती शक्कल इथे लढवू नका. खरेदीदार नात्यातला किंवा ओळखीतला चालत नाही, तसं सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

लिलाव होऊ दिला तर काय, तेही सांगतो. टेक्सासात बँक उरलेल्या रकमेसाठी दोन वर्षांच्या आत दावा लावू शकते. शिवाय पुढचं घर लांबतं. फॅनी मे या गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपनीच्या नियमांत शॉर्ट सेलनंतर चार वर्षं थांबावं लागतं, फोरक्लोजरनंतर सात. एफएचएने मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना नवं कर्ज देणं बंद केलंय, म्हणून तुम्हाला फॅनी मेचाच हिशोब लागू पडेल.

एक काटा उरतोच: माफ झालेलं कर्ज उत्पन्न धरलं जातं आणि १०९९-सी फॉर्म येतो. राहत्या घरासाठी २००७ पासूनची करसवलत वाढत वाढत २०२५ च्या अखेरपर्यंत आली होती, तिच्या भरवशावर राहू नका. त्याऐवजी करखात्याचा फॉर्म ९८२ बघा. माफीच्या आदल्या क्षणी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील, तर तेवढ्या फरकावर कर लागत नाही. मालमत्तेत ४०१(के) हे निवृत्तीचं खातं धरतात आणि भारतातली मालमत्ताही. कोथरूडचा फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, तो तसाच राहू दे. बक्षीसपत्र वगैरे आत्ता नको.

हड (अमेरिकेचं गृहनिर्माण खातं) मान्य सल्लागार फुकट मदत करतात. आधी फी मागणारा फोन आला तर ठेवून द्या, अशी आगाऊ फी घेणं बेकायदा आहे.

आणि आजच बाबांना फोन करा. फ्लॅटचं टोकन घेतलं नसेल तर घेऊ नका म्हणावं.