दोन्हीकडून मारलं, आता लिहून काय फायदा?

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला. मी लहान होतो तवा नक्षल्यांनी माझ्या काकाले खबऱ्या म्हणून रात्री घरातून नेलं, सकाळी रोडवर बॉडी. शेजारच्या पोराले पोलिसांनी नेलं तर तो वापस आलाच नाही. आता 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपतीबी सरेंडर झाला, लोक म्हणतात संपलं, कायले उकरता. काकी म्हणते लिहून ठेव. याचं काही होते का?

उत्तर: काकीचं ऐका. आणि शेजारच्या पोराचंही लिहा बरं, नाहीतर उद्या तुमची वही एका पार्टीची म्हणून बाजूला टाकतील.

होते का विचारता, तर पंजाबात जसवंतसिंग खालडा म्हणून बँकेत काम करणारा माणूस होता, त्यानं अमृतसरकडच्या स्मशानातली रजिस्टरं काढली, पोलिसांनी बेवारस म्हणून किती मृतदेह आणले, लाकडं किती लागली, बस एवढंच. 1995 मध्ये त्यालेच उचलून मारलं. पण कागद उरले, सीबीआयला तीन स्मशानांत 2097 बेकायदा अंत्यसंस्कार सापडले आणि खालडांच्या खुनात पोलिसवाल्यांना 2005 मध्ये शिक्षा झाली. बाकी बहुतेक घरं अजून वाटच पाहतात, तेही सांगतो, खोटी आशा कशाला द्यायची.

म्हणून पहिले साधे कागद जमवा. मृत्यूचा दाखला, एफआयआर, पोस्टमॉर्टेम, रेशनकार्डावरून नाव कधी कमी झालं ते. काकी माडिया बोलीत बोलत असेल तर तसंच रेकॉर्ड करा, मराठी नंतर करता येते. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. तारीख आठवत नसली तर मनानं टाकू नका, मोहफूल पडत होतं का धान कापणी होती ते लिहा. आणि तिले घडीघडी तेच विचारू नका, एकदा नीट बसून ऐका. शेजारचे नाही म्हणाले तर सोडा.

मानवाधिकार आयोगाची एक वर्षाची मुदत तुमची केव्हाचीच गेली, पण खुनाच्या गुन्ह्याले मुदत नसते. नावं मात्र व्हॉट्सॲपवर अजिबात नाही, सरेंडर झालेले त्याच गावात राहतात आणि पोलिसही तिथंच आहेत. एक कॉपी गावाबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

वकील पाहिजे तर गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, आदिवासी आणि बायांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना झेरॉक्स न्या, वही घरीच राहू द्या.