कॅन्सरमध्ये डीएनए दुरुस्तीशी ‘एपिजेनेटिक रीडर’ प्रथिनांचा काय संबंध?

डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोनवरच्या रासायनिक खुणा रीडर फक्त वाचतात. लावत नाहीत, पुसतही नाहीत. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण ५३बीपी१ या रीडर प्रथिनाचं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते एच४ हिस्टोनच्या २०व्या जागच्या लायसिन या अमिनो आम्लावरची मिथाइल खूण ओळखून (सोबत युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूणही लागते) तिथे बसतं आणि टोकं कुरतडू देत नाही. मग होते ती घाईची, चुका होऊ शकणारी जोडणी. नुकत्याच कॉपी झालेल्या डीएनएच्या नव्या हिस्टोनांवर ती मिथाइल खूण अजून नसते. ते कोरेपण बीएआरडी१ हे दुसरं रीडर प्रथिन वाचतं आणि जोडीदार बीआरसीए१ या दुरुस्ती-प्रथिनाला तिथे आणतं. आता टोकं कुरतडून शेजारच्या प्रतीवरून बिनचूक दुरुस्ती. खरी गोम पुढे आहे: बीआरसीए१ बिघडलेल्या गाठींना ही बिनचूक दुरुस्ती जमत नाही, म्हणून त्यांच्यावर ओलापॅरिबसारखी पार्प-रोधक (पार्प हे डीएनए दुरुस्तीचं एन्झाइम अडवणारी) औषधं चालतात, पण त्याच पेशींनी ५३बीपी१ही गमावलं तर टोकं पुन्हा कुरतडली जातात, दुरुस्ती सुरू होते आणि औषध निष्प्रभ ठरू शकतं.